दिवाळीच्या सुट्टीत आयत्या वेळी इमॅजिका: श्रीवर्धनहून एका दिवसात

भाऊबीज झाली की घरात पाहुणी पोरं असतात, सुट्टी अजून शिल्लक असते आणि कुणीतरी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचं नाव काढतं. हातात दोन-तीन दिवस असतात. एवढ्या वेळातही ठरवता येतं, पण क्रम सांभाळावा लागतो: आधी मुलांची उंची, मग वार, मग तिकीट, आणि गाडीचं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलटं होतं. गाडी ठरते, डबे ठरतात आणि उंचीचं गेटवर कळतं.

उंची मोजायला पाच मिनिटं पुरतात. मूल अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवायचं, त्याची एक कड भिंतीला पूर्ण चिकटवायची, खाली पेन्सिलीची रेघ मारायची आणि जमिनीपासून टेपने सेंटीमीटरमध्ये मोजायचं. केस वर बांधले असतील तर सोडायचे. तिथे लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. राइडमध्ये बसू देणार की नाही तेही उंचीवरच. प्रत्येक राइडची मर्यादा वेगळी असते, ती अधिकृत संकेतस्थळावर पाहून मुलाच्या नावासमोर लिहून ठेवायची. नायट्रो किंवा स्क्रीम मशीनसारख्या मोठ्या राइडमध्ये खांद्यावरून येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या अंगालाच घट्ट बसतो, म्हणून तिथला माणूस एक सेंटीमीटरही सोडत नाही आणि त्याने सोडूही नये. जे मिळणार नाही ते मुलाला घरीच सांगून टाकावं. रांगेत तासभर उभं राहून परत फिरणं मोठ्यांनाही जड जातं.

आता वार. दिवाळीत मराठी, इंग्रजी सगळ्याच शाळांना सुट्टी असते, त्यामुळे भाऊबिजेनंतरचा शनिवार-रविवार सर्वात वाईट. त्याच आठवड्यातला बुधवार किंवा गुरुवार मिळाला तर तोच घ्यावा, तिकीटही बहुधा स्वस्त पडतं. नाताळात हिशोब बदलतो. डिसेंबरात आठवड्याच्या मधल्या दिवसांत शाळांच्या सहली येतात, सकाळी गर्दी दिसते, पण परतीचा प्रवास लांबचा म्हणून त्यांच्या बसेस संध्याकाळी लवकर निघतात आणि पुढचे तास मोकळे मिळतात. 25 ते 31 डिसेंबर मात्र कुठलाच वार हलका नसतो.

तिकीट तारखेचं असतं, म्हणून पैसे भरण्याआधी तारीख बदलता येते का ते वाचायचं. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी. एका दिवसात दोन्ही करू नये, हे माझं ठाम मत. वॉटर पार्क लवकर बंद होतो, त्यासाठी नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत, आणि कपडे बदलणं, लॉकर, ओल्या पोरांना कोरडं करणं यात दीड तास सहज जातो. आपल्याला घरी समुद्र आहे, तेव्हा थीम पार्कच धरावा. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायचं. सुट्टीच्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर ‘निम्म्या दरात’ म्हणून फिरणाऱ्या लिंका उघडायच्या नाहीत आणि कुणा व्यक्तीच्या नंबरवर यूपीआयने पैसे टाकायचे नाहीत. तिकिटाचा स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये ठेवायचा, गेटवर नेटवर्क रेंगाळलं तरी अडत नाही. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलत घेतली असेल तर मूळ ओळखपत्र हवं.

रस्ता म्हसळा, माणगाव, कोलाड, वाकण फाटा, तिथून आत पाली आणि पुढे खोपोलीच्या दिशेने. पार्क याच पाली-खोपोली रस्त्यावर, खोपोलीच्या अलीकडे येतं, त्यामुळे पेण-पनवेलचा वळसा नको. अलिबागकरांना मात्र पोयनाड, वडखळ, पेण, खोपोली हेच सोयीचं. किनाऱ्यावरच्या माणसाचा एक फायदा असा की सुट्टीच्या सुरुवातीला मुंबईची गाडी खाली येत असते तेव्हा आपण वर जातो, आणि ती परतते तेव्हा आपण खाली येतो. फक्त माणगाव याला अपवाद. बाजारपेठेतून जाणारा अरुंद रस्ता तुंबला की दोन्ही बाजू तुंबतात. म्हणून माणगाव सकाळी सातच्या आत मागे टाकायचं, म्हणजे घर साडेपाचला सोडायचं. दुसरी अडचण पालीची. बल्लाळेश्वरामुळे सुट्टीत अष्टविनायकाच्या बसेस असतातच, मंगळवारी आणि संकष्टीला आणखी. तारीख ठरवताना कालनिर्णयवर एक नजर टाकावी. सीएनजीची गाडी असेल तर आदल्या रात्रीच भरून ठेवायची, सकाळच्या रांगेत कमावलेला अर्धा तास जातो.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. घावणे-चटणी, उकडलेली अंडी, केळी हे पार्किंगमध्ये गाडीपाशी पोटभर खाऊन घ्यायचं आणि मगच गेटकडे जायचं. आतल्या जेवणाला दीड वाजता प्रचंड रांग असते, बाराला किंवा तीनला नसते. औषधं आणि तान्ह्या बाळाचं खाणं सोबत ठेवायचं आणि तपासणीला आपणहून दाखवायचं.

आत गेल्यावर सगळे गेटजवळच्या पहिल्या राइडला थांबतात. तिथे न थांबता आपल्या यादीतल्या सर्वात मोठ्या, उघड्यावरच्या राइडकडे सरळ चालत जायचं. दिवाळीच्या सुमारास दुपारनंतर ढग जमतात, विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवतात आणि पुन्हा कधी सुरू होतील ते कुणी सांगू शकत नाही. शिवाय दुपारचं ऊन असह्य असतं. म्हणून नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप सकाळी, आणि मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, डीप स्पेस असल्या छपराखालच्या गोष्टी दुपारी. दुपारी आजी-आजोबांनाही सावलीत बसता येतं. रक्तदाब, हृदयविकार, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर मोठ्या राइडच्या वाटेला जायचं नाही.

रांगेत शिरण्याआधी हिशोब करावा. समजा एका फेरीत 24 जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते, तर तासाला 480 माणसं जातात. पुढे 240 असतील तर अर्धा तास. दोन फेऱ्या घड्याळ लावून बघितल्या की अंदाज पक्का होतो, आणि लांब रांग टाळून देणाऱ्या एक्स्प्रेस तिकिटाचे जादा पैसे टाकायचे की नाही तेही तिथेच ठरवता येतं. माझ्या मते शनिवार-रविवारी ते पैसे वसूल होतात, बुधवारी नाही. लहान मूल असेल तर आई-बाबांपैकी एकाने बसून उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात का, हे सुरुवातीलाच विचारावं.

लांब मंगळसूत्र, सैल ओढणी, खिशातला फोन, चष्मा हे मोठ्या राइडला चालत नाही. दागिने घरीच ठेवावेत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी बॅगेत.

रात्री बंद होईपर्यंत थांबायचं असेल तर चालवणाऱ्याने दुपारी तासभर झोप काढलीच पाहिजे. माणगावनंतरची साई-म्हसळ्याची वळणं अंधारात, दमलेल्या डोळ्यांनी घ्यायची नाहीत. ते जमणार नसेल तर पालीला मुक्काम करावा. देवस्थानचं भक्तनिवास आणि आसपासचे लॉज सुट्टीत लवकर भरतात, त्यामुळे फोन आदल्या दिवशीच करायचा, आणि रात्री किती वाजेपर्यंत दार उघडतात हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं.