आमची वाटचाल: आधी संदेश, मग केबल, शेवटी डिस्क

आमचं संगणक दुरुस्तीचं दुकान सुरू झालं तेव्हा हार्ड डिस्क मदरबोर्डला चपट्या करड्या पट्टीने जोडलेली असायची. आता ती पट्टी बेळगावात उद्यमबागेतल्या जुन्या सीएनसी मशीनमध्ये किंवा एखाद्या पतसंस्थेच्या कोपऱ्यातल्या संगणकात क्वचित दिसते. केबल बदलली, बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बदललं, आमचा क्रम मात्र तोच राहिला. संगणक सुरू होताना पडद्यावर काय लिहून येतं ते आधी वाचायचं, मग केबल तपासायची, डिस्कला हात सर्वांत शेवटी. सभासदांची खाती, लग्नपत्रिका छापणाऱ्यांची जुनी कामं, सगळं त्या डिस्कवर असतं. घाईने फॉरमॅट मारलं की गेलं.

पट्टीच्या काळात सर्वांत जास्त गोंधळ घातला तो 'प्रायमरी आयडीई चॅनल नो ८० कंडक्टर केबल इन्स्टॉल्ड' या ओळीने, म्हणजे पहिल्या आयडीई जोडणीवर (पट्टीने डिस्क जोडायची जुनी पद्धत) ८० तारांची पट्टी नाही. लोकांना वाटायचं, डिस्क बिघडली. खरी गोष्ट वेगळी. जुन्या पट्टीत ४० तारा, नव्या पट्टीत ८०, आणि दोन्हींचं कनेक्टर ४० पिनांचंच, त्यामुळे कुठलीही पट्टी कुठेही बसते. वाढीव ४० तारा डेटा नेत नाहीत. त्या प्रत्येक सिग्नलच्या शेजारी ग्राउंड म्हणून धावतात आणि एका तारेचा सिग्नल दुसरीत मिसळू देत नाहीत. ४० तारांवर वेग सेकंदाला ३३ एमबीपर्यंतच. ६६, १०० किंवा १३३ चा वेग हवा तर ८० तारा लागतातच. बोट फिरवलं की फरक कळतो: ८० तारांची पट्टी बारीक दाण्याची, ४० ची जाड रेघांची.

या पट्टीला दिशाही असते. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला म्हणजे पहिल्या डिस्कला, मधलं करडं स्लेव्हला म्हणजे दुसरीला. निळ्या टोकात ३४ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असते, त्यावरून बोर्ड पट्टी ओळखतो. म्हणून पट्टी नवी असूनही उलटी लावली तर हाच संदेश येऊ शकतो. एकच डिस्क असेल तर ती टोकालाच लावायची. मधे लावून टोक लोंबतं ठेवलं की सिग्नल त्या टोकावरून परत फिरतो आणि वाचनात चुका होतात. लांबी १८ इंचांच्या वर नको. लाल रेघ म्हणजे १ नंबरची पिन, डिस्कवर ती बहुधा पॉवर सॉकेटच्या बाजूला येते.

पट्टी खराब असेल तर विंडोज एक्सपी आणखी एक गोष्ट करत असे, आणि ती पडद्यावर कुठे लिहून यायची नाही. चुका साठत साठत ६ झाल्या की ते डीएमए (डेटा नेण्याची वेगवान रीत) पायरीपायरीने कमी करत शेवटी पीआयओ या सर्वांत संथ रीतीवर उतरायचं, मग फाइल कॉपी करताना अख्खा संगणक अडखळायचा. पट्टी बदलल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून टाकून पुन्हा सुरू करायचं. नुसती पट्टी बदलून वेग परत येत नसे.

साटा ही डिस्क जोडायची नवी, बारीक केबलची पद्धत आल्यावर मास्टर-स्लेव्ह संपलं. डेटाच्या ७ पिना, पॉवरच्या १५, लांबी १ मीटरपर्यंत. १.५, ३ आणि ६ गिगाबिटला केबल तीच चालते, 'सहावाली' म्हणून जादा पैसे देऊ नका. दुखणं असतं ते सैल कनेक्टरचं, म्हणून आम्ही धातूच्या क्लिपची केबल वापरतो. खानापूरच्या पावसाळी दमटपणात संपर्कही लवकर काळवंडतात. तपासायचं एकच: स्मार्ट माहितीतला (डिस्क स्वतःबद्दल ठेवते ती नोंद) १९९ नंबरचा यूडीएमए सीआरसी आकडा, म्हणजे केबलवरून डेटा नेताना झालेल्या चुकांची मोजणी. तो वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्यायचा. केबल बदलल्यावर आकडा शून्य होत नाही, वाढायचा थांबला म्हणजे काम झालं. एसएमपीएसच्या (संगणकाच्या पॉवर सप्लायच्या) जुन्या चार पिनांवरून साटा पॉवर देणारे ओतीव प्लास्टिकचे जोड मात्र आम्ही लावत नाही. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते वितळतात, कधी पेटतातही.

बाकी संदेश वाचायला सोपे आहेत. 'प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल' म्हणजे बोर्ड हाक मारतोय आणि डिस्क ओ देत नाही: पॉवर, केबल, जम्पर (मास्टर-स्लेव्ह ठरवणारी डिस्कवरची छोटी टोपी) बघा. 'डिस्क बूट फेल्युअर' आलं तर आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढा. 'बूटएमजीआर इज मिसिंग' आलं याचा अर्थ डिस्क निदान थोडी तरी वाचली गेली, तिथे केबलमागे न लागता बूटचा क्रम आणि बूट फाइली बघायच्या.

'सीमॉस चेकसम एरर' कडे नीट लक्ष द्या. सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी जागा. उन्हाळी सुट्टीनंतर शाळांचे संगणक हेच दाखवतात, कारण बंद असताना सगळा भार बोर्डावरच्या सीआर २०३२ सेलवर असतो. सेल ३ व्होल्टचा, मीटरवर २.७ च्या खाली दिसला की बदलायचा. पण सेल संपला की सेटिंगही मूळपदावर जातं, साटाचा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची रीत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर उतरू शकतो, आणि विंडोज ७ सुरू होताना ०x७बी चा निळा पडदा येतो. डिस्क धडधाकट असते, मोड परत पूर्वीचा केला की विंडोज उघडतं. याच जागी सर्वांत जास्त डिस्क विनाकारण फॉरमॅट होतात, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

आता कामं एम.२ ची, म्हणजे केबलशिवाय थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कची. दोन खाचांची पट्टी बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई, ही साटाहून वेगळी, जास्त वेगाची पद्धत. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटावाली बसते, पण दिसत नाही. बऱ्याच बोर्डांवर एम.२ लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि जुनी डिस्क गायब झाली असं वाटतं. बोर्डाच्या पुस्तिकेत पोर्टचा तक्ता असतो, तो बघून केबल दुसऱ्या पोर्टला हलवली की डिस्क परत दिसते.