घडी मोडल्यानंतर: आमची वाटचाल

साडीची घडी मोडणं म्हणजे ती पहिल्यांदा नेसणं. आमचं दुकान घडी मोडल्यानंतरच्या साड्यांवर चालतं. नवी साडी इथे मिळत नाही. पिको-फॉल, ब्लाउज सैल किंवा घट्ट करणं, डाग काढणं, पॉलिश, रफू, नेट लावणं आणि एका साडीचा काठ उतरवून दुसरीवर चढवणं, एवढीच कामं आम्ही घेतो. सांगलीची कापडपेठ हाकेच्या अंतरावर असताना जुन्या साड्यांवर पोट भरेल का, असं सुरुवातीला सगळे विचारायचे. भरतं. कारण साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत ही रांग काही संपत नाही, आणि दर वेळी पाहुणे बहुतेक तेच असतात. ‘हीच साडी मागच्या लग्नात होती’ ही धास्ती आधी होतीच, आता फोनमधल्या फोटोंनी ती वाढवली.

सुरुवात पिको-फॉलने झाली. काम किरकोळ वाटतं, पण साडी पुन्हा नेसवते की नाही हे बऱ्याचदा फॉल ठरवतो. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या कडेला आतून लावायची पट्टी. बाजारात मिळणारा फॉल साधारण पावणेतीन मीटर लांब आणि पाच इंचांच्या आसपास रुंद असतो. तो सुती असल्यामुळे पहिल्या पाण्यात आटतो. न भिजवता लावला की साडी आहे तेवढीच राहते, फॉल आखडतो आणि काठाला चुण्या पडतात. मग बाई म्हणते, साडी खराब निघाली. साडीचा काही दोष नसतो. फॉल रात्रभर पाण्यात ठेवायचा, सावलीत वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच लावायचा. मरून, गडद हिरव्या आणि निळ्या फॉलचं पाणी पांढऱ्या फडक्यावर टिपून बघायचं. रंग उतरला तर तो फॉल रेशमी साडीला लावायचाच नाही. वरच्या कडेला मशीन न मारता हाताने हेम करायचं आणि टाका बारीक ठेवायचा. मशीनची टीप उलगडताना पैठणीच्या काठाचे तार तुटतात, हातशिलाईचा दोरा मात्र सरळ ओढून निघतो.

फॉल बदलायला आलेल्या साड्या हाताखालून जायला लागल्यावर एक गोष्ट लवकर लक्षात आली. साड्या बहुतेक धडधाकट असतात, अडतं ते ब्लाउजपाशी. लग्नात शिवलेला ब्लाउज पुढच्या तीन-चार वर्षांत होत नाही, त्याच रंगाचं कापड मिळत नाही आणि साडी कपाटाच्या तळाशी जाते. म्हणून दुसरं मशीन घेतलं ते ब्लाउजसाठी.

ब्लाउज वाढवता येतो का, हे तो शिवला त्या दिवशीच ठरलेलं असतं. दोन्ही कुशींच्या, म्हणजे बाजूंच्या, शिवणीत पुढच्या आणि मागच्या भागाला एक-एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडली असेल, तर चार कडा मिळून चार इंच कापड आत असतं. प्रत्येक कडेला पाव इंच शेवटच्या टिपेसाठी ठेवा. घेरात तीन इंच मिळतात, आणि तेवढ्यात बाळंतपणानंतरचे बहुतेक ब्लाउज बसतात. चूक होते ती बाहीत. टेलर कुशीला माया सोडतो आणि बाही काटोकाट कापतो. कुशी उसवली की मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोठा होतो आणि बाही त्याला पुरत नाही. तेव्हा काखेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, घालावी लागते. ती ब्लाउजच्याच कापडाची असेल तर हात वर केला तरी कळत नाही, म्हणून शिवून उरलेलं वीतभर कापड टाकू नका. साडीच्या घडीत ठेवून द्या.

आणखी एक अडचण रेशमी कापडात येते. जुनी टीप उसवली की सुईच्या भोकांची रांग दिसते, आणि आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असतं, कारण बाहेरचं घामाने आणि उजेडाने विटलेलं असतं. भोकं वाफेने थोडी मिटतात, रंगातला फरक जात नाही. त्या रेघेवर आम्ही बारीक लेस किंवा पाइपिंग फिरवतो. मायाच नसेल तर पाठ मधोमध उघडून दोन्ही कडांना लूप लावायचे आणि दोरी ओवायची. दोन-तीन इंचांची सोय होते, आणि लोकांना ती फॅशन वाटते. नवा ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येकीला आम्ही सांगतो, काखेत सुती पॅड टाके घालून लावून घ्या आणि प्रत्येक नेसणीनंतर ते काढून धुवा. ब्लाउज सगळ्यात आधी तिथेच कुजतो.

साडी तीच आणि ब्लाउज वेगळा, हा स्वस्तातला मार्ग. एका चांगल्या साडीला तीन ब्लाउज असावेत: एक अंगच्या कापडाचा, एक काठाच्या रंगाचा आणि एक खणाचा. आपल्याकडे इरकलीवर खणाची चोळी पूर्वापार आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचं ते नातं आता पैठणीशी आणि साध्या सिल्कशीही जुळतं. खण कापायच्या आधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात उंची कमी होते. फोटोत लोकांची नजर आधी चेहऱ्याकडे आणि ब्लाउजकडे जाते, त्यामुळे काठ तोच आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. जिच्या येतं ती नणंद असते.

ब्लाउजनंतर डागांचं काम आलं, आणि सांगलीत डाग म्हटलं की आधी हळद. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग किती पक्का, हे हळदीच्या कार्यक्रमानंतरच्या साड्या सांगतात. हळदीतलं कर्क्युमिन रेशमाला खराखुरा रंगवतं. त्यावर साबण लावला की डाग लाल होतो आणि घरचे घाबरून आणखी घासतात. साबण अल्कधर्मी असतो आणि कर्क्युमिन अशा पदार्थात लालसर होतं, एवढंच झालेलं असतं. लिंबाचं पाणी किंवा पातळ व्हिनेगर लावलं की डाग परत पिवळा होतो, पण जात नाही. कर्क्युमिन उन्हात विरतं. म्हणून पांढरं धोतर, उपरणं, सुती साडी ओली करून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकली की डाग बराच फिका पडतो. रंगीत रेशमावर हा उपाय करू नका, हळदीबरोबर साडीचाही रंग उडतो. हळदीच्या दिवशी सुती नेसा, एवढाच खरा इलाज.

सगळ्यात फसवा डाग सरबताचा आणि कोल्ड्रिंकचा. वाळला की दिसत नाही. ड्रायक्लीनला दिलं तरी राहतो, कारण त्यातला द्रव तेल-तूप सोडवतो, साखर सोडवत नाही. साखरेला पाणीच लागतं. मग गरम प्रेस बसते, साखर करपते आणि सहा महिन्यांनी कपाटातून तपकिरी ठिपका निघतो. घामाचंही तसंच. त्यामुळे साडी देताना कुठे काय सांडलं ते बोटाने दाखवा. आम्ही तिथे आधी आतल्या टोकाला रंग पक्का आहे का ते बघतो, मग थंड पाण्याने टिपतो आणि नंतरच पुढचं काम करतो.

पॉलिशबद्दल बहुतेकींचा समज उलटा असतो. लग्न झालं की रोल पॉलिश करून, म्हणजे खळ देऊन रोलरमधून काढून, साडी कपाटात ठेवतात. या खळीला कसर लागते. ठेवताना फक्त स्वच्छ करा, पॉलिश नेसायच्या आठवडाभर आधी. जरदोसी, मणी किंवा टिकल्यांचं काम असेल तर रोलरमध्ये घालूच नये. मणी फुटतात आणि फुटलेल्या मण्याची कड शेजारचा धागा कापते. अशा साडीला उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घेऊन वाफ द्यायची.

रेशमी साडी बहुधा घडीच्या रेघेवर फाटते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. आधी निम्म्यात घातली असेल तर पुढच्या वेळी तिसऱ्या हिश्श्यात घाला, म्हणजे रेघ सरकते. टिश्यू आणि ऑर्गन्झाला घडी सोसत नाही. तीन इंच व्यासाच्या पाइपवर मलमल गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा अडकते आणि बुरशी धरते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. अत्तर, स्प्रे साडी नेसायच्या आधी अंगाला लावा.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर आमच्या कामाला वेगळं वळण लागलं. खालच्या कप्प्यातल्या साड्या गाळासकट आल्या. तेव्हा शिकलो ते असं: ओली साडी गाठोड्यात ठेवली तर एका दिवसात काठाचा रंग अंगावर उतरतो, म्हणून आधी सुटी करायची. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्यात हेलकावून काढायचा, घासायचा नाही. गाळातली बारीक रेती रेशमावर कानसीसारखी चालते. गाळ वाळला असेल तर पुन्हा पूर्ण भिजवायचा. पदर आणि अंग यांच्यामध्ये पांढरी जुनी चादर घालून सावलीत आडवी पसरायची. उभी टांगली तर पाण्याच्या वजनाने ताणते आणि रंगाचे ओघळ उतरतात. इस्त्री पूर्ण वाळल्यावरच. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा नुकसान कमी झालं, कारण लोकांनी साड्या आधीच वर हलवल्या होत्या.

पुरातल्या साड्यांवरच आमची एक मोठी चूकही झाली. विरलेल्या रेशमामागे चिकटणारं कॅनव्हास इस्त्रीने लावलं. दिसायला छान झालं, पण पुढच्या वाफेत फुगे आले, साडी कडक झाली आणि निऱ्या बसेनात. तेव्हापासून विरलेल्या जागेमागे फक्त मऊ जाळीदार नेट, आणि तेही हाताने, बोटभर अंतरावर टाके घेऊन. रफूसाठी दोरा बाहेरून आणत नाही. साडीच्या आत खोचायच्या टोकातून धागे काढतो. रंग आणि जाडी दोन्ही जुळतात.

मधली काही वर्षं भाड्याचे घागरे आणि शेरवानीही ठेवून पाहिल्या. त्यातून समजलं की भाडं घागऱ्याला परवडतं, साडीला नाही. घागऱ्याचं माप कमरेशी आणि उंचीशी बांधलेलं, वजन जास्त, आणि नवरीचा घागरा दुसऱ्यांदा घालायला प्रसंग मिळत नाही. घरात घागरा असेलच तर आतली कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारी कडक जाळी, काढून घेर हलका करा आणि त्याची ओढणी व चोळी साध्या साडीबरोबर वापरा. पुरुषांचा ब्लेझर खांद्यात बसत नसेल तर खर्च करू नका. पँटच्या मागच्या शिवणीत मात्र दीड-दोन इंच कापड बहुधा मिळतं.

नवी घ्यावी की जुनीच नेसावी, असं विचारणाऱ्यांना आम्ही कागदावर हिशेब मांडून देतो. आकडे धरलेले आहेत, आपले घालून बघा. समजा साडी १२,००० ची, ब्लाउज १,००० चा. दोनदा नेसून ठेवली तर एका नेसणीला ६,५००. तीच दहा वेळा नेसली, मध्ये चार वेळा सफाई-पॉलिशला ४०० प्रमाणे १,६०० गेले आणि दुसऱ्या ब्लाउजला कापडासकट १,८००, तर एकूण १६,४००, म्हणजे नेसणीला १,६४०. याउलट प्रत्येक कार्याला २,५०० ची नवी साडी आणि ८०० ची शिलाई धरली तर नेसणीला ३,३००, आणि अशा साड्या पुन्हा फार कमी बाहेर निघतात. आहेरात आलेल्या साड्या यात धरलेल्या नाहीत. त्या नेसण्यापेक्षा एका घरातून दुसऱ्या घरात प्रवासच जास्त करतात.

काही साड्यांवर मात्र पैसे घालू नका, असं आम्ही स्वतःहून सांगतो. घडीवर हात फिरवला की रेघ करकरून सुटते ते रेशीम, पाठीमागचे सुटे धागे कापलेली सेमी पैठणी ज्यातून बुट्टे निसटायला लागलेत, आणि गोंदाने चिकटवलेल्या टिकल्यांची जॉर्जेट. अशा वेळी काठ शाबूत असेल तर तो उतरवून घ्या. साडेपाच मीटर साडीच्या दोन्ही कडा धरून अकरा मीटर काठ निघतो. नव्या साडीवर चढवताना साडी आणि काठ दोन्ही आधी वाफेने बसवायचे, नाहीतर एक आटतो आणि दुसरा झोळ धरतो. पैठणीची शिवलेली नऊवारी किंवा ड्रेस करायचा असेल तर कात्री लावण्याआधी घरात पुन्हा एकदा विचारा. कापलेल्या कापडाची साडी परत होत नाही.

जुनी जरी विकत घेणारे दारावर येतात. आपल्याच खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्यासाठी, देशभर पसरलेली आहेत, त्यामुळे जरीत चांदी असते हे इथे घराघरांत माहीत आहे. पण प्रत्येक जरीत नसते. काठाच्या टोकाचा एक तार काढून नखाने खरवडा. आत रेशमाचा धागा आणि वर पांढरा धातू दिसला तर चांदी असण्याची शक्यता आहे, तांबूस दिसला तर तांब्याची जरी. जाळल्यावर वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक. आजीचा शालू वजनावर देण्याआधी ही परीक्षा करा आणि सराफाकडूनही खात्री करून घ्या.

कामाला यायचं तर साडी, सगळे ब्लाउज, परकर आणि त्या दिवशी घालायची चप्पल सोबत आणा. उंची आणि फॉलची कड चपलेवर ठरते. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होते, तेव्हा ब्लाउजला तीन आठवडे लागतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या काळ्या साड्या डिसेंबरमध्येच द्या. रफू, नेट आणि काठ चढवणं ही सावकाश करायची कामं आम्ही पितृपक्षात घेतो, कारण तेव्हा मशीनी मोकळ्या असतात आणि कुणी घाई करत नाही.