आमची वाटचाल: लहानग्यांना घेऊन गुलमर्गच्या बर्फावर

ठाण्यातल्या आमच्या या छोट्या सहल-व्यवसायात माणसं दोनच, मी आणि माझी नणंद. मी आधी बरीच वर्षं एका मोठ्या पर्यटन कंपनीत काश्मीरचं बुकिंग पाहत होते, ती बालवाडी चालवत होती. २०१७ साली आम्ही ठरवलं की तीन ते आठ वर्षांची मुलं असलेल्या कुटुंबांना हिवाळ्यात गुलमर्गला न्यायचं, आणि मुलं खरंच स्की शिकतील असा बेत आखायचा. बाकी कुठलीच सहल करायची नाही. तेव्हापासून आजवर तेच करतोय.

काश्मीरच्या नेहमीच्या सहलीत गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, वाटेत गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्याने घ्यायचे, गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, रांगेत उभं राहायचं, वर फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परत. मोठ्यांचं त्यात भागतं. पण चार वर्षांच्या मुलाचा जवळजवळ सगळा दिवस गाडीत आणि रांगेत जातो, आणि बर्फ हाताला लागतो तेव्हा त्याची झोपेची वेळ झालेली असते. नणंद मला म्हणाली होती, "वहिनी, बालवाडीत एक गाणं बसवायला मला आठवडा लागतो. तुम्ही मंडळी एका दुपारी अख्खा हिमालय उरकता." आमच्या सगळ्या नियोजनाचा पाया तिच्या त्या बोलण्यात आहे. घरातलं सगळ्यात लहान मूल कधी झोपतं, कधी खातं, किती वेळ उभं राहू शकतं, यावर दिवस आखायचा. मोठ्यांनी त्यात बसायचं.

गुलमर्गच का, हे पालक हमखास विचारतात. कारण साधं आहे, श्रीनगरच्या विमानतळावरून ते साधारण दोन-अडीच तासांवर आहे. उत्तराखंडात जोशीमठजवळच्या औलीचे उतार सुंदर आहेत, पण ऋषिकेशपासून जोशीमठापर्यंत अडीचशे किलोमीटर घाटरस्ता. गाडी लागणाऱ्या मुलांचे त्यात हाल होतात. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथला रोपवे बंद झाला. सोलंग मनालीपासून १३ किलोमीटरवर आहे, मात्र गर्दीच्या दिवसांत तिथे लहान मुलांना मोकळा उतार मिळणं अवघड. गुलमर्गला मैदानाच्या कडेलाच सौम्य, रुंद उतार आहेत, आणि हॉटेलातून तिथे चालत किंवा ढकलगाडीवर, म्हणजे लाकडी स्लेजवर, जाता येतं. मुलाला शू लागली तर पाच-दहा मिनिटांत खोलीवर पोचता येतं. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण स्कीचा पूर्ण पोशाख घातलेल्या मुलाच्या आईला विचारा.

कधी जायचं, यावर आमचं मत आता पक्कं झालं आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे चिल्लई कलां, सगळ्यात कडक थंडी. नळ गोठतात, वीज जाते. त्यानंतर २० दिवस चिल्लई खुर्द आणि १० दिवस चिल्लई बच्चा. नाताळच्या सुट्टीत सगळेच धावतात, पण तेव्हा दर चढे, दिवस लहान आणि बर्फाचा भरवसा नाही. आम्ही फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवतो. थंडी जरा उतरलेली असते, उतारावर थर चांगला साचलेला असतो. शाळेचं काय? इथेच लहान मुलांच्या आईबापांना एक सवलत मिळते. ज्युनिअर-सीनिअर केजीतलं मूल आठवडाभर गैरहजर राहिलं तर फार बिघडत नाही. हेच मूल पाचवीत गेलं की फेब्रुवारी हातातून गेलाच. म्हणून 'मोठा होऊ दे, मग जाऊ' असं म्हणणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते की आत्ता जा.

पहिली रात्र आम्ही श्रीनगरलाच काढतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५०. मुंबईच्या समुद्रसपाटीवरून निघालेल्या मुलाला मधली एक रात्र मानवते. विरळ हवेचा त्रास मोठा माणूस 'डोकं दुखतंय' म्हणून सांगतो. तीन वर्षांचं मूल फक्त किरकिर करतं, जेवत नाही, झोपत नाही. आम्ही पालकांना हे आधीच समजावून सांगतो. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, म्हणून मागेच लागतो.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवत शिखराच्या खांद्यावर साडेतीन हजारांच्याही पुढे, जवळपास ३,९५० मीटरवर नेतो. पहिला टप्पा आम्ही एका निवांत सकाळी करतो. दुसऱ्यावर लहान मुलांना नेत नाही. तासाभरात एवढी उंची गाठणं त्यांच्या शरीराला सोसणारं नाही, आणि वरचे उतार मुरलेल्या स्कीअरसाठी आहेत, हिमस्खलनाच्या धोक्याचे आहेत. 'एवढं आलोय तर वर जाऊ या' असा आग्रह होतो, तेव्हा आम्ही शांतपणे नाही म्हणतो. त्यापायी एखादं बुकिंग गेलं तरी चालतं.

आता मुख्य गोष्ट, शिकवणी. आमचे प्रशिक्षक टंगमर्गजवळच्या गावातले, लहानपणापासून बर्फावर वाढलेले. मुलं त्यांना काका म्हणतात. सकाळी दीड तास, मग जेवण आणि झोप, आणि मूल स्वतः म्हणालं तरच दुपारी आणखी थोडा वेळ. याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी पट्ट्या, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब स्की, पायाला बांधतच नाहीत. मुलं नुसते बूट घालून सपाट बर्फावर चालतात, मुद्दाम पडतात, कुशीवर वळून उठतात. स्कीचा बूट ताठ असतो, त्यात घोटा वळत नाही, आणि त्याची सवय व्हायलाच एक सकाळ जाते. दुसऱ्या दिवशी एका पायाला पट्टी, मग दोन्ही. हातात काठ्या द्यायच्या नाहीत. त्या दिल्या की मुलं त्यांवरच रेलतात आणि तोल पायांत येत नाही. मग 'पिझ्झा बनाओ' सुरू होतं, म्हणजे पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करायचा. हे जमलं की मूल स्वतःच्या मर्जीने थांबू शकतं. स्वतः थांबता येतंय हे ज्या क्षणी त्याला कळतं, तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासाठी आम्ही हा व्यवसाय करतो, असं मी मनापासून सांगते.

त्या दीड तासात आईबापांनी उतारावर थांबू नये, ही आमची विनंती असते. नणंद तिथे असतेच. आई दिसली की मूल तिच्याकडे धावतं, काकांकडे बघत नाही.

सामानाबाबत आम्ही काटेकोर आहोत. भाड्याचे गमबूट लहान मुलांना ढिले होतात आणि आत बर्फ जातो, म्हणून बूट आणि हेल्मेट मापाचे मिळतील याची सोय आधी करतो. पट्टीची लांबी मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत असावी, त्याहून लांब नको. अंगाला चिकटून सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की ते वाळत नाही. लोकरी थर्मल, वर फ्लीसचा मऊ उबदार कोट, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. हातमोजे बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतील असे हवेत, आणि दोन जोड. गॉगल तर हवाच. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि दर हजार मीटरला ती सुमारे १० टक्क्यांनी वाढत जातात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा, कारण ऊन तिथे खालून येतं. खाण्याचं म्हणाल तर मेतकूट आणि तुपाची बाटली सोबत ठेवा. गरम भात तिथे सगळीकडे मिळतो.

खोलीच्या उबेबद्दल आम्ही फार दक्ष असतो. कोळशाची किंवा लाकडाची बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, बंद खोलीत रात्रभर जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. मुलं झोपतात त्या खोलीत बुखारी किंवा कांगडी (निखाऱ्यांची छोटी हातशेगडी) नाही, ही अट हॉटेलशी बोलतानाच घालतो. विजेचा हीटर, गादीवर गरम चादर आणि वीज गेली तर जनरेटर, एवढं असेल तरच बुकिंग.

वाटेत खडतर काळही आला. ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यटकांना खोरं सोडण्याची सूचना निघाली आणि तो हिवाळा कोरा गेला. मग महामारी आली. पण २०२१ च्या सुरुवातीला गुलमर्ग असं भरलं की खोली मिळेना. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत डोंबिवली, पनवेल, पुण्याची आपली माणसं होती. त्या दिवसांत आम्ही कोणालाही 'चला' म्हणालो नाही. ज्यांनी पैसे भरले होते त्यांचे परत केले. टंगमर्गहून आमच्या प्रशिक्षकांचा रोज फोन येत होता, दीदी, तुमच्याकडचे सगळे बरे आहेत ना. आता जे पालक विचारतात त्यांना परिस्थिती आहे तशी सांगतो, निर्णय त्यांचा.

अलीकडची मोठी काळजी बर्फाची आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, बर्फ महिनाअखेरीस आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे गेल्या आणि मार्चमध्ये झाल्या. म्हणून आता प्रत्येक कुटुंबाकडून दोन तारखा घेतो, फेब्रुवारीतली एक आणि मार्चच्या सुरुवातीची एक, आणि तारीख बदलू देणाऱ्या हॉटेलांशीच व्यवहार करतो. शेवटची रात्र पुन्हा श्रीनगरला, कारण मोठा बर्फ पडला की टंगमर्गचा रस्ता अडतो आणि धुक्यात विमानं लांबतात. एक दिवस हातात ठेवूनच परतीचं तिकीट काढतो. आणि हो, काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

येत्या हंगामाची चौकशी सुरू झाली आहे. फोन कराल तेव्हा तीन गोष्टी जवळ ठेवा: मुलाची उंची, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि दुपारी ते किती वाजता झोपतं. पाऊल संध्याकाळी मोजा, जाड मोजा घालून, भिंतीला टाच टेकवून. अडीच वर्षांचं धाकटं भावंड असेल तर त्यालाही खुशाल आणा. पट्ट्या त्याला देणार नाही, पण स्लेज आहे, बादली-फावडं आहे, आणि नणंद आहे.