तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतला रेकॉर्ड प्लेअर मी का घेत नाही

एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर आणा, गॅरार्डचा आणा, उंदरांनी वायरी कुरतडलेला आणा, मी नाही म्हणत नाही. मोटरचा वेग तबकडीला देणारी रबराची आयडलर चाकं कडक झालेली असतात, ग्रीसचा गोंद झालेला असतो, सुई उड्या मारते म्हणून कुणीतरी टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. सगळं निस्तरतो. पण ‘माझ्या भावाने न्यू जर्सीहून आणला होता’ असं कुणी सुरू केलं की मी गप्प होतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: ‘अहो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय की! मग अडचण कसली?’

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो. सायकल्सना, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागे-पुढे होते त्या हर्ट्झना, तो हात लावत नाही. तिकडची वीज ६० सायकलची, आपली ५०. एसी सिंक्रोनस मोटर सायकल्स मोजून फिरते, त्यामुळे तिकडे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी इथे २८सुद्धा पुरे करत नाही. ३ मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ३६ सेकंद चालतं आणि सूर पेटीच्या तीन पट्ट्या खाली येतो. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गायला लागते. डीसी मोटरचा किंवा क्वार्ट्झवाला डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्नच नाही, तो खुशाल आणा.

‘मग पुली बदला’ म्हणणारेही भेटतात. बरोबर आहे त्यांचं. मोटरची पुली, म्हणजे बेल्टने तबकडी फिरवणारं छोटं चाक, एक पंचमांशाने जाड करायची, हिशेबात बेल्टची जाडी धरायची, नाहीतर वेग किंचित मागे राहतो. भोसरीतला माझा लेथवाला पितळेची छान करून देतो. तेव्हा जमत नाही म्हणून टाळतो, असं कृपा करून समजू नका. (काही जण समजतात. समजोत.)

आता खरं कारण सांगतो. एक काका होते, रिटायर्ड ड्राफ्ट्समन, त्यांच्याकडे असाच तिकडचा प्लेअर. त्यांची तक्रार साधी होती, डाव्या स्पीकरमधून घुरघुर. हेडशेलमधली (सुई बसते त्या टोकातली) अर्थिंगची बारीक वायर सुटलेली, डाग दिला, काम संपलं. तपासायला म्हणून त्यांचीच भावगीतांची एलपी लावली आणि माझे कान टवकारले. मी म्हटलं, ‘काका, हा हळू फिरतोय.’ त्यांनी खोक्यातून प्लेअरबरोबर आलेली स्ट्रोबची चकती काढली (वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या दिव्याखाली हिच्यावरच्या रेघा थांबलेल्या दिसतात), ट्यूबलाइटखाली फिरवली. रेघा जागच्या जागी उभ्या! ‘बघा, स्पीड परफेक्ट आहे.’

ती चकती ६० सायकलची होती, ३३⅓ साठी २१६ रेघांची. आपल्याकडे लागते १८० रेघांची. ट्यूब आपल्या ५० सायकलने लुकलुकते, मोटरही तितकीच मंदावलेली, दोघींची चूक एकसारखी, म्हणून रेघा थांबलेल्या दिसतात. हे तोंडी पटेना. शेवटी तबकडीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली, घड्याळ त्यांच्याच हातात दिलं आणि म्हटलं, मोजा. मोजून झाल्यावर काका बराच वेळ चकतीकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, ‘करून टाका दुरुस्त.’

नवी पुली बसवायला त्यांच्या घरी गेलो. तीच एलपी लावली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, सवयीने गुणगुणायला लागल्या आणि पहिल्याच ओळीत थांबल्या. ‘ही इतकी चढी का गातेय?’ काकांनी पेटी काढली, काळी चार दाबली. रेकॉर्ड तंतोतंत जुळली. काकूंनी ही सगळी गाणी या प्लेअरवरून उचललेली, भिशीत, मंगळागौरीत, महिला मंडळात पांढरी चारमध्ये म्हटलेली, त्याच संथ लयीत. त्या मला म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं म्हणत होते का हो?’

मी म्हटलं, ‘चुकीचं नाही काकू, फक्त तीन पट्ट्या खाली.’ तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. त्या आत गेल्या. चहा आला, पण काकांच्या हातून.

पुढे काकांचा फोन आला, जुनी पुली आहे ना अजून? होती. बसवून दिली. दोन्ही वेळची मजुरी त्यांनी बळेच खिशात कोंबली, तेवढीच मला जास्त बोचली.

तेव्हा माझं मत पक्कं होतं: गाणं ज्या वेगाने रेकॉर्ड झालं त्याच वेगाने वाजलं पाहिजे, बाकी सगळे लाड. आजही या वाक्यात मला खोट दिसत नाही. गाणाऱ्या बाईंनी आपला आवाज काळी चारमध्येच ठेवला होता, त्यांचाही काही हक्क आहे की नाही? पण काकूंनी मला बोलावलंच नव्हतं. घुरघुर काढायला बोलावलं होतं, ते काकांनी. आणि वेग मला ऐकू आला असताना तो न सांगता निघून आलो असतो, तर मी कसला मेकॅनिक? यावर माझं माझ्याशीच मिटलेलं नाही. तोवर अशी कामं घ्यायची नाहीत, एवढंच ठरवलंय.

अलीकडे ६० सायकल तयार करून देणारे छोटे पॉवर सप्लाय मिळतात. तो लावला की खरा वेग, काढला की जुना. काकांना कळवावं असं मनात येतं. कळवलेलं नाही.

तेव्हा येण्याआधी प्लेअरच्या मागची पट्टी वाचा. ५०/६० लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सोय कंपनीनेच केलेली असते, घेऊन या. नुसते ६० असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारून मगच फोन करा, आणि त्यानंतरही मी नाही म्हणालो तर राग मानू नका.