तुम्ही विचारलंत म्हणून: साइटसाठी फुकटात काय काय वापरता?

वेबसाइट सांभाळते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘फुकटात काय काय मिळतं हो? एक यादी द्या ना.’ यादी देऊन झालीय, दोन-तीनदा. दर वेळी समोरच्याने वीस ठिकाणी खाती उघडली, आठवडाभर रंगीत आलेख बघितले आणि मग पासवर्डही विसरून गेला. म्हणून हल्ली मीच उलट विचारते, तुमची साइट बंद पडली तर तुम्हाला सगळ्यात आधी कोण सांगतं? बहुतेक जण म्हणतात, ‘कुणीतरी फोन करतं.’

मलाही फोनच आला होता. साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याची पाटी येतेय म्हणून. मी घाईघाईने अपटाइम, म्हणजे साइट चालू आहे की नाही, ते बघणारी सेवा उघडली, तर तिथे सगळं हिरवंगार. आणि त्या सेवेचं काही चुकलंही नव्हतं. मी तिला फक्त पिंग करायला, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरला (सर्व्हरला) ‘जागा आहेस का’ एवढंच विचारायला सांगितलं होतं, सर्व्हर पिंगला इमानदारीत उत्तर देत होता. मुदत संपली होती ती सर्टिफिकेटची, म्हणजे कनेक्शन सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची.

ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं. ना-नफा तत्त्वावर चालणारी ही सेवा २०१५ पासून फुकट सर्टिफिकेटं देते. ती ९० दिवस चालतात आणि सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम मुदतीच्या साधारण ३० दिवस आधीपासून नवं आणायच्या मागे लागतो. नवं देण्याआधी डोमेन खरंच तुमचं आहे ना, याची खात्री म्हणून लेट्स एन्क्रिप्टवाले सर्व्हरच्या ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे साध्या कनेक्शनसाठीच्या दारावर, येऊन एक छोटी फाइल मागतात. निदान माझ्याकडे तरी हीच पद्धत लावलेली होती. आणि मी काय केलं होतं? ‘आता सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित कनेक्शनवर आहे, ८० कशाला उघडं ठेवायचं’ म्हणून सुरक्षेच्या उत्साहात तेच पोर्ट फायरवॉलमध्ये बंद केलं होतं. सर्टबॉट महिनाभर प्रयत्न करत होता आणि प्रत्येक अपयश लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहून ठेवत होता. लॉग मी उघडलाच नाही. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची, तीही जून २०२५ पासून बंद झालीय.

पोर्ट उघडलं, एक कमांड दिली, पाच मिनिटांत साइट परत आली. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. अपटाइमच्या सेवेला आता पिंग नाही, मुख्य पानावरचा एक ठरावीक शब्द शोधायला सांगितलाय. अपटाइम रोबोटसारख्या सेवा हे फुकटात करतात. पान कोरं आलं किंवा डेटाबेस रुसला तरी तो शब्द दिसत नाही आणि मला निरोप येतो. दुसरं, सर्व्हरवर काहीही हलवलं की सर्टबॉटची ‘ड्राय रन’ चालवते. त्यात सर्टिफिकेट बदलत नाही, पण वेळ आली तर बदलता येईल की नाही ते कळतं. ही सवय आत्ताच लावून घ्या, कारण सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांचे तेव्हा हाल आहेत.

दुसरं टूल मी रोज वापरते ते स्क्वूश, फोटो हलके करून देणारी साइट. फोनने काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद, चार-पाच एमबीचा असतो. पानावर तो दिसणार जेमतेम आठशे पिक्सेलमध्ये, पण वाचणाऱ्याचा डेटा जातो तो पूर्ण. स्क्वूशमध्ये फोटो टाकला की मधोमध एक उभी रेघ येते, एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला दाबलेला. रुंदी सोळाशे करायची, वेबपी हा फाइलचा प्रकार निवडायचा आणि रेघ इकडून तिकडे सरकवत बघायचं. गुणवत्ता ७५ वर ठेवली तरी मला बहुतेक फोटोंत फरक शोधून काढावा लागतो, आणि फाइल काहीशे केबीवर येते. हे सगळं ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठेही अपलोड होत नाही. ओळखपत्रांचे फोटो हाताळणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी हे वापरावं.

फोटो आवरले की मगच पेजस्पीड इनसाइट्सकडे, म्हणजे पान किती वेगाने उघडतं ते तपासणाऱ्या गूगलच्या सेवेकडे, जा. तिथे शंभरपैकी गुण मिळतात आणि भल्याभल्यांना शाळेची आठवण होते. पण लागोपाठ दोनदा तपासा, आकडा बदललेला दिसेल. मी गुणांकडे बघत नाही. पानावरचा मुख्य भाग दिसायला किती वेळ लागतो तेवढं बघते. अडीच सेकंदांच्या आत असेल तर माझा विषय संपला.

गूगल सर्च कन्सोल मात्र सगळ्यांनी लावावंच. लोक कोणते शब्द शोधून आले आणि कोणती पानं गूगलने घेतलीच नाहीत, हे फुकटात इतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही. फक्त आकडे १६ महिन्यांचेच राहतात, म्हणून अधूनमधून उतरवून घ्या. तुटलेल्या लिंका शोधायला स्क्रीमिंग फ्रॉग नावाच्या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, छोट्या साइटला पुरे.

उतरवून घ्या म्हणते त्याला कारण आहे. साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ ला नवे आकडे घेणं थांबवलं आणि वर्षभराने जुने आकडेही काढून टाकायला सुरुवात झाली. ज्यांनी आधी उतरवून ठेवले होते, त्यांच्याकडेच ते आज आहेत. गूगलचीच लिंका आखूड करणारी सेवा २००९ ला आली आणि २०१९ ला तिथे नव्या लिंका बनणं बंद झालं. म्हणून फुकट सेवा घेताना मी आधी ‘एक्स्पोर्ट’चं बटण शोधते. ते सापडलं नाही तर खातंच उघडत नाही.

बॅकअपचं विचारायचं राहिलं असेल तुमचं. माझ्याकडे साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसचं एक फुकट प्लगिन (जोडप्रोग्रॅम) दर आठवड्याला बॅकअप घेतं आणि ‘यशस्वी’ अशी मेल पाठवतं. सर्टिफिकेटच्या प्रकरणानंतर त्या मेलवरचाही विश्वास जरा उडाला होता. तेव्हा एका रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्प (घरच्या घरी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि तो बॅकअप त्यावर उभा करून बघितला. लेख सगळे आले, मेनू आले, रंगसुद्धा जागच्या जागी. फोटोंच्या जागी मात्र रिकामे चौकोन. कधीतरी जागा वाचवायला मीच बॅकअपच्या यादीतून, फोटो असतात त्या अपलोडच्या फोल्डरपुढची खूण काढून टाकली होती. संध्याकाळी ती परत लावली आणि पहिला पूर्ण बॅकअप उतरायला पाऊण तास लागला.