बाळाआधी आईची फाइल

नवजात बाळांच्या कक्षात रात्रपाळीचा चार्ज नुकताच घेतला होता, तेवढ्यात लेबर रूममधून फोन. ३३ आठवडे, आईचं बीपी १७०/११२, हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये नाळेतला रक्तप्रवाह थांबतोय, सिझेरियनला घेताहेत. बाळाला ऊब देणारा वॉर्मर लावला आणि आधी आईची फाइल मागवली. बीपी असलेल्या आईचं बाळ येणार असलं की हे मी कधीच चुकवत नाही. बीपी उतरवणारं लॅबेटालॉल चालू. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू. बाळाच्या फुप्फुसांसाठीचं स्टिरॉइडचं दुसरं इंजेक्शन आदल्या दिवशीच झालेलं. ते वाचून जरा हायसं वाटलं.

मुलगी आली ती १२४० ग्रॅमची. डोकं तेवढं मोठं, पोट खपाटीला, मांड्यांवर सुरकुत्या. वार नीट काम करत नसली की पोटातलं बाळ मिळेल ते रक्त आधी मेंदूकडे वळवतं आणि बाकीचं अंग उपाशी राहतं. रडली, पण हातपाय सैल. नवीन सिस्टर घाबरली, म्हणाली, "गुदमरली होती का हो?" तिला फाइलमधलं मॅग्नेशियम दाखवलं. ते वारेतून बाळापर्यंत जातं, बाळ काही वेळ मलूल राहतं, श्वासही मंदावू शकतो. नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला आधार देणारा सिपॅप लावला आणि नजर छातीवरून हलवली नाही.

टाचेला टोचून शुगर पाहिली: २६, फारच कमी. ना थरथर, ना काही. बाळ अगदी शांत. मला अशा शांत बाळांचीच जास्त धास्ती वाटते. यकृतात साखरेचा साठाच नसतो, त्यात आईच्या लॅबेटालॉलने शुगर आणखी उतरू शकते. १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, किलोला २ मिली, म्हणजे हिच्या वाट्याला जेमतेम अडीच मिली. ते हळूहळू दिलं, मागोमाग ड्रिप. अर्ध्या तासाने ५८.

पण टाचेवरचा कापूस भिजतच होता. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, कमी: ६४,०००. तिसऱ्या दिवशी ४१,०००. वडील बाही वर करूनच उभे, "माझं रक्त घ्या." डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं: आता कुठे रक्तस्राव नाही, डोक्याची सोनोग्राफी स्वच्छ आहे. २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात ५०,०००च्या खाली गेल्याबरोबर प्लेटलेट्स दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मृत्यू आणि मोठा रक्तस्राव जास्त दिसला, २५,०००पर्यंत थांबलेल्यांमध्ये कमी. पटतं, पण थांबणं सोपं नसतं. दर पाळीत टॉर्च घेऊन तिची कातडी इंच न् इंच तपासत होतो.

त्याच दिवशी आई पहिल्यांदा व्हीलचेअरवर आली. "सिस्टर, माझ्या बीपीमुळेच ना हे?"

"ताई, बीपी काही तुम्ही ओढवून आणलं नाहीत. वार रुजते तेव्हाच तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत." अशा बाईला "तू टेन्शन घेतलंस म्हणून" असं सुनावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बोलताना ती सारखी कपाळ दाबत होती. बीपी घेतलं: १५८/१०४. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते पुन्हा चढतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. तिच्या डॉक्टरांना बोलावलं, गोळ्या वाढवल्या.

सहाव्या दिवशी प्लेटलेट्स ९२,०००. सिपॅप निघालेला, मुलगी आईच्या उघड्या छातीवर, नळीतून ५ मिली दूध उतरतंय. आईच्या दंडाला बीपीचा पट्टा होता. तो फुगला तशी मुलगी दचकली, आणि पुन्हा झोपली.