रंग न दिलेले देऊळ

नाशिक, श्रावणातला दुसरा सोमवार, रात्र

आज सकाळी आत्याला घेऊन सिन्नरला गोंदेश्वराच्या दर्शनाला गेलो. पाऊस रिपरिपत होता. ओल्या दगडाचा काळा रंग अधिकच गडद झाला होता आणि शिखरावरच्या उभ्या पट्ट्यांमध्ये एकावर एक रचलेल्या लहान लहान शिखरांच्या रांगा पाण्याने चकाकत होत्या. अशा घडणीला भूमिज शैली म्हणतात, आणि तिचे इतके पूर्ण शिखर आपल्या भागात क्वचितच पाहायला मिळते. मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ, समोर नंदीमंडप आणि चारी कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळे, असे यादवकाळातले हे सबंध पंचायतन एकाच उंच जगतीवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, उभे आहे. कित्येक शिल्पांचे चेहरे मात्र झिजून सपाट झाले आहेत. काही ठिकाणी हात कुठे संपतो आणि वस्त्र कुठे सुरू होते, हेही कळत नाही.

दर्शन झाल्यावर आत्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “एवढं मोठं देऊळ, पण कुणी रंगसुद्धा देत नाही रे. देवाला असं ठेवतात का?”

तिच्या प्रश्नाला मला तिथे नीट उत्तर देता आले नाही. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

आत्याचे म्हणणे चुकीचे नाही. आपल्याकडे पडक्या देवळाला पुन्हा उभे करणे हे पुण्यकर्म मानले गेले आहे, आणि जीर्णोद्धार या शब्दातच ‘उद्धार’ आहे. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात पेशव्यांच्या पुढाकाराने नव्याने उभे राहिले. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून किती ठिकाणी देवळे आणि घाट बांधले, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. जुने मोडले तर नवे घडवायचे, कारण दगडापेक्षा देवाचे वास्तव्य महत्त्वाचे, ही धारणा मला आजही आदरणीय वाटते.

गोंदेश्वर रंग न देता आहे तसे ठेवले जाते, ते मात्र दुसऱ्या विचारातून आले आहे आणि तो विचार परक्या सरकारच्या दप्तरातून आलेला आहे. १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेतले. त्यानंतर वीसेक वर्षांत त्याच सरकारने जुन्या इमारतींची पाहणी करण्यासाठी हेन्री हार्डी कोल या अधिकाऱ्याला नेमले आणि वास्तूंचे तीन वर्ग ठरले : कायम सुस्थितीत राखायच्या, किरकोळ उपायांनी पुढची पडझड थांबवता येईल अशा, आणि ज्या वाचवणे अशक्य किंवा अनावश्यक आहे अशा. हा तिसरा वर्ग वाचताना मी दरवेळी थांबतो. शतकानुशतके लोक जिथे हात जोडत आले, त्या वास्तूपुढे एका सरकारी रकान्यात ‘अनावश्यक’ लिहिले जाऊ शकत होते आणि ते लिहिणाऱ्याला गावाला विचारण्याची गरज नव्हती. पंजाबात तर हडप्प्याच्या प्राचीन विटा लोहमार्गाच्या बांधकामात भराव म्हणून गेल्या होत्या. रक्षण आणि नासधूस, दोन्ही एकाच राजवटीच्या हातून होत होते.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आला. त्यात धार्मिक वास्तूंबाबत एक तरतूद होती, जी मला महत्त्वाची वाटते. ज्या स्मारकात धार्मिक विधी चालतात, ते सक्तीने विकत घेता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट केले होते. मालकी मालकाकडेच ठेवून देखभालीची जबाबदारी सरकारने घेण्याची वाट ठेवली होती. उपासनास्थळ विटाळू नये म्हणून तिथल्या प्रवेशावर बंधने घालायची, तर त्या अटी धार्मिक व्यवस्था पाहणाऱ्यांच्या संमतीने ठरवायच्या होत्या. ही सावधगिरी योग्य होती असे वाटते, पण ‘धार्मिक व्यवस्था पाहणारे’ म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्या लढ्याचा या कायद्याशी थेट संबंध नव्हता, तरी दगड कोणी जपायचे आणि आत कोणी यायचे, हे प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमावली लिहिली. तिचे सूत्र असे, की जुन्या वास्तूचे अस्सलपण गेले की तिचे ऐतिहासिक मोल जाते, म्हणून पहिले कर्तव्य नवे करण्याचे नसून आहे ते टिकवण्याचे आहे. जिथे उपासना चालू आहे, तिथे थोडी अधिक पुनर्रचना करावी लागते, हेही त्यांनी मान्य केले होते. पायरीवर मी आत्याला हेच सांगायला हवे होते. कारागिराच्या छिन्नीने जे रूप दिले, ते झिजले तरी त्याचेच आहे. त्यावर ऑइलपेंटचा थर चढला, की उरते ते आपले.

या जतनातले काम अगदी साधे आणि चिकाटीचे असते. पिंपळाचे किंवा उंबराचे रोप सांध्यात रुजले, तर मूळ ओढून काढता येत नाही, कारण त्याबरोबर दगडही सरकतो. रोप लहान असतानाच ते हेरावे लागते आणि मूळ मरेल अशी व्यवस्था करावी लागते. भेगांतून पाणी शिरू नये म्हणून सांधे चुन्याने भरायचे, सिमेंटने नव्हे, कारण सिमेंट कडक असते आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. हे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे त्यासाठी वर्गणी कोणी मागत नाही.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी महादेवाचे छोटे काळ्या दगडाचे देऊळ आहे. माझ्या लहानपणी त्याच्या खांबांवर फुलांच्या वेली कोरलेल्या दिसत. पुढे गावाने जीर्णोद्धार केला, आजोबांनीही त्यात पैसे दिले, आणि आता त्या वेली निळ्या-पिवळ्या रंगाखाली दिसेनाशा झाल्या आहेत. आजोबांनी मनापासून दिले होते, म्हणून त्यांना दोष द्यायला मन धजत नाही.

गेल्या आठवड्यात गावाकडून निरोप आला, की दिवाळीपर्यंत सभामंडपात चकचकीत टाइल्स बसवायच्या आहेत आणि माझे नाव वर्गणीच्या यादीत आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. मागच्या खेपेला गेलो, तेव्हा शिखराच्या मागच्या बाजूला हातभर उंचीचा पिंपळ पाहिला होता आणि गाभाऱ्याच्या उजव्या भिंतीवरून पाणी उतरत होते. उद्या सकाळी फोन करून सांगणार आहे, की ठरलेली रक्कम देईन, पण आधी पिंपळ काढायला आणि छताची गळती चुन्याने बुजवायला. आत्यालाही त्या बैठकीला घेऊन जावे, असे मनात आहे. तिचे ऐकतील, माझे ऐकतील की नाही सांगता येत नाही.